तेलाची बाटली माझ्यापर्यंत आली नाही

त्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, माझी नणंद गोड बोलायला लागली आणि मला ते आवडलं नाही.

आम्ही काळेवाडीत एकाच इमारतीत राहतो. ती खाली, आम्ही वर. ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. तिचा नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन नाशिककडे गेली, आणि ती एकटी राहिली. चाकणच्या ज्या कारखान्यात मी लाइन सुपरवायझर आहे, तिथेच मी तिला कामाला लावलं. आमच्याकडे गाड्यांच्या आतल्या वायरींचे हार्नेस बनतात. रंगीत वायरी मोठ्या उभ्या बोर्डावरच्या खिळ्यांमधून अंथरायच्या, टेप गुंडाळून जुडगा बांधायचा आणि टोकं ज्या त्या खाचेत बसवायची. हे काम बहुतेक बायकाच करतात, कारण बोटं चपळ लागतात आणि डोळा सावध लागतो. नणंदेकडे दोन्ही होतं. शिवाय जीभ होती.

क्वालिटीचा माणूस बोर्डाजवळ आला की ती म्हणायची, "भाऊ, आधी चष्मा पुसा, मग माझी वायर बघा." माझ्या डब्यातला घास घेऊन म्हणायची, "वहिनी, भाजीला मीठ घातलंत, की नुसतं दाखवलंत?" लाइनवरच्या मुली तिला घाबरायच्या आणि जेवायला तिच्याचभोवती बसायच्या. पण या जिभेने तिचं एक मोठं नुकसान केलं होतं. मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत जावई जेवायला बसला असताना ती त्याच्या आईबद्दल काहीतरी बोलली. काय ते मी लिहीत नाही. जावई ताटावरून उठला. तेव्हापासून मुलगी माहेरी आली नव्हती. फोन करायची, पण तोही कामापुरता.

आमच्या चर्चच्या मंडळीत या आठवड्यांत स्त्रियांची उपासाची साखळी असते. एका दिवशी एकीने सूर्य मावळेपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायचं, दुसऱ्या दिवशी पुढचीने. साखळी तुटू द्यायची नाही. इतर वर्षी साखळी मागण्यांसाठी असायची. कुणाचा मुलगा पर्मनंट व्हावा, कुणाच्या सुनेला दिवस राहावेत. त्या वर्षी, स्त्रियांची सभा चालवणाऱ्या पाळकबाई म्हणाल्या, यंदा देवाकडे काहीच मागायचं नाही. प्रत्येकीने आपल्या स्वभावातली एक खोड त्याच्यापुढे ठेवायची आणि उपासाने ती झिजवायची.

उपास लोकांना दाखवायचा नसतो, डोक्याला तेल लावून, तोंड धुऊन नेहमीसारखं कामाला लागायचं असतं, ही प्रभूची शिकवण आम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. पाळकबाईंनी ती शब्दशः घेतली. त्यांनी खोबरेल तेलाची एक छोटी बाटली आणली. जिच्याकडे बाटली, तिचा उपास. सकाळी थोडं तेल डोक्याला लावायचं आणि संध्याकाळी बाटली गुपचूप पुढचीच्या हातात द्यायची. आपल्या आधी कोण आणि आपल्यानंतर कोण, एवढंच प्रत्येकीला माहीत. बाकी कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

खोड कोणती तेही मनातच ठेवायचं होतं. पण नणंद सभेत उभी राहून म्हणाली, "माझी सगळ्यांना माहीतच आहे. माझी जीभ." सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

बाटली पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी खोड हुकूम सोडण्याची. उपासाच्या दिवशी सकाळ बरी गेली. दुपारी डब्यांची झाकणं उघडली आणि हॉलभर लसणाचा वास सुटला, तसं मी एका नव्या मुलीला टेप सैल गुंडाळली म्हणून इतकं झापलं की ती रडत बाथरूममध्ये गेली. टेप फारशी सैल नव्हती. उपासात भूक कळते त्याहून जास्त स्वभाव कळतो. पोट भरलेलं असताना तो झाकलेला असतो. उपासाचा उपयोग मला तरी एवढाच दिसला: आत काय आहे ते पाहता येतं. दुरुस्ती मग जेवूनखाऊन, रोज थोडी थोडी करावी लागते, आणि ती कंटाळवाणी असते. संध्याकाळी मी त्या मुलीची माफी मागितली आणि बाटली पुढे दिली.

नणंदेचं उलटं झालं. तिच्यातला बदल कंटाळवाणा नव्हता. तो भराभर झाला.

क्वालिटीच्या माणसाने तिचा एक पीस परत केला आणि ती म्हणाली, "असू दे भाऊ, माझंच चुकलं असेल." तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, ताईंना बरं नाही का?" मी हसले. पण पीस पाहिला तर चूक खरंच तिची होती. निळी वायर शेजारच्या खाचेत बसवलेली. इतक्या वर्षांत तिच्या बोर्डावरून असा पीस गेला नव्हता.

माझ्या भाजीला ती आता काहीच नावं ठेवत नव्हती, कारण ती माझ्याबरोबर जेवतच नव्हती. डबा घेऊन मागच्या शेडमध्ये जायची. "तिकडे वारा असतो," म्हणायची. रिकामा डबा घेऊन परत यायची. शेडपाशी दोन कुत्री होती. ती त्या दिवसांत हॉलच्या दारापर्यंत येऊन तिची वाट पाहायला लागली.

रविवारी चर्चमधून बाहेर पडताना बायका तिचे हात हातात घ्यायच्या. "किती बदललात हो. चेहऱ्यावर कसं तेज आलंय." चेहरा चकाकत होता हे खरं. तेल होतं आणि त्याखाली घाम होता. मार्चचं ऊन अजून तितकं तापलं नव्हतं. सभेत पाळकबाई म्हणाल्या, मी नाव घेत नाही, पण आपल्यातल्या एका बहिणीकडे पाहा, पवित्र आत्मा माणसाला बदलतो तेव्हा त्याचं फळ कसं दिसतं ते कळेल. सगळ्यांनी पाहिलं. नणंदेने मान खाली घातली. ती विनयाने खाली घातली की मान धरवत नव्हती, ते मला मागच्या बाकावरून कळेना.

माझा नवराही खूष होता. "बघ, देव कुणालाही सुधारतो," तो म्हणाला.

"तिची शुगर तपासून किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तुला प्रत्येकात काहीतरी खोट दिसतेच."

नणंदेला शुगर आहे. रोज सकाळी त्यासाठी गोळी घेते. त्यामुळे साखळीत तिच्या वाट्याला आलेला एखादा दिवससुद्धा मला पसंत नव्हता, पण एकेका दिवसाचा प्रश्न होता, म्हणून मी बोलले नव्हते.

साखळीची फेरी परत माझ्याजवळ यायची वेळ झाली. माझ्या आधी जालन्याकडची एक बाई होती. तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये हाउसकीपिंगला आहे. तिने बाटली आणून द्यायची. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली, आठवडा निघून गेला. बाटली आली नाही. साखळी तुटली असती तर कुणाच्या तरी तोंडून निघालं असतं. मी तिला फोन लावला.

ती आधी अडखळली. "ताई, हे विचारायचं नसतं ना?"

"मी विचारतेय. माझ्यापर्यंत बाटली का आली नाही?"

"तुमच्या नणंदबाई येऊन गेल्या. माझी डबल ड्यूटी चालू होती, उभं राहून राहून पाय सुजलेले. त्या म्हणाल्या, तुझा दिवस मी धरते, कुणाला सांगू नको. फार मोठं मन आहे हो त्यांचं."

"आणि तुझ्या आधीची?"

तिने आधीचीचं नाव सांगितलं. त्या बाईला फोन लावला, तर ती म्हणाली, "माझा पण त्यांनीच धरला, पण गुप्त आहे बरं का." तिच्या आधीचीनेही तेच. प्रत्येकीला वाटत होतं आपला एकच दिवस नणंदेने घेतला. गुप्त ठेवायचं म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सगळ्या मनातल्या मनात तिचे आभार मानत होत्या. बाटली दोन-अडीच आठवड्यांपूर्वी तिच्या घरात शिरली होती आणि बाहेर पडली नव्हती.

मी पाळकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी कुणाला विचारलं नाही हो. न विचारणं हाच नियम केला होता ना मी."

मी खाली गेले. नणंद पलंगावर बसली होती. टीव्ही बंद, पंखा बंद. बाटली खिडकीत होती आणि तिच्यात तेल तळाला लागलं होतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बसा वहिनी," ती म्हणाली. पूर्वी म्हणाली असती, "आलात का चौकशीला, चहा मिळणार नाही."

"शुगरची गोळी घेतेस?"

"घेते की. गोळी म्हणजे काय अन्न आहे का? गोळीने उपास मोडत नाही."

गोळी शुगर खाली आणते, ती खाल्ल्यावर जेवावं लागतं, हे मी तिला सांगितलं. डॉक्टरांनीही सांगितलं असणार. ती ऐकत होती. मान हलवत होती. दूरची बातमी ऐकावी तशी.

"रात्री जेवते की मी," ती म्हणाली. "दोन घास जातात. त्याहून जात नाहीत आता."

"कशासाठी चाललंय हे?"

मग ती जे बोलली ते मी विसरले नाही. "वहिनी, पोट रिकामं असलं की बोलायला जोर राहत नाही. मनात येतं, पण जिभेपर्यंत येईस्तोवर विरून जातं. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसता येतंय. परवा पोरीशी फोनवर अर्धा तास बोलले. काही टोचून बोलले नाही. ती म्हणाली, आई, ईस्टरला येऊ का. असं ती म्हणाली. आता मोडू नका हे."

मी मशीनच्या जगातली बाई. बंद पडलेलं मशीन आवाज करत नाही, म्हणून कुणी ते दुरुस्त झालं असं म्हणत नाही. हे मी तिला सांगितलं. ती नुसती हसली. माझ्या बोलण्याला तिच्याकडे उत्तर नाही, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"ईस्टरला पोरगी येईल तेव्हा तू घरात असायला हवीस," मी म्हणाले.

तिने ऐकलं. उद्यापासून खाते म्हणाली. मी वरून भाकरी आणि पिठलं आणलं, ते माझ्यासमोर थोडं खाल्लं. बाटली मी उचलली नाही. ती स्वतः पाळकबाईंना परत देते म्हणाली आणि मला ते योग्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट. कंपनीची बस आमच्या चौकात उजाडता उजाडता येते. नणंद माझ्या आधी उभी होती, केस घट्ट बांधलेले. मी विचारलं, खाल्लंस का, ती म्हणाली, हो. आम्ही शेजारी बसलो. चिंचवड गेलं, निगडी गेली. तळवड्याच्या पुढे रस्ता जाम होता. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बस हलेना. तेव्हा मला खोबरेलाचा वास आला.

"तेल लावलंस?"

"हो," ती म्हणाली.

"काय खाल्लंस सकाळी?"

"हो."

मी वळून पाहिलं. तिची ओढणी गळ्याशी ओली झाली होती. ती समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहून हसत होती. रविवारी बायका ज्याला तेज म्हणत होत्या तेच ते हसू.

"मी कोण आहे?"

"हो," ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात.

मी उभी राहिले. "कुणाकडे काही गोड आहे का? बिस्किट, चॉकलेट, काहीही. लवकर." बसमधल्या मुली पिशव्या उलट्यापालट्या करायला लागल्या. एकीकडे चण्याचं पाकीट, एकीकडे लोणचं. ड्रायव्हरने खिडकीतून रस्त्याकडेच्या टपरीवाल्याला हाक मारली आणि एक मुलगी उतरून धावत गेली. ती कागदात साखर घेऊन आली.

मी चिमूट नणंदेच्या तोंडाशी नेली. तिने ओठ मिटले.

तिला मी कोण हे कळत नव्हतं. आपण कुठे आहोत हे कळत नव्हतं. पण तोंडाशी आलेलं खायचं नाही, एवढं तिला कळत होतं. तिने मान फिरवली. मी परत धरली, तिने परत फिरवली. दात घट्ट आवळलेले. इतक्या आठवड्यांत तिने जे शिकून घेतलं होतं ते आता तिच्या जबड्यात जाऊन बसलं होतं, आणि तिथे तिला विचारून उपयोग नव्हता. मागचा ट्रेलर हॉर्न देत होता. मी मागच्या मुलीला तिचं डोकं धरायला सांगितलं, बोट ओलं करून साखरेत बुडवलं, गालाच्या आतून घातलं आणि हिरड्यांवर चोळलं. ती चावली. मी बोट काढलं नाही. परत बुडवलं, परत चोळलं. तेलाने हात सटकत होता.

बराच वेळ काही झालं नाही. बोटातून रक्त आलं होतं, ते साखरेत मिसळलं. मी ते पाहिलं आणि चोळत राहिले. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं.

मग तिने गिळलं. थोड्या वेळाने आणखी एकदा. मग डोळे फिरले, माझ्यावर आले आणि थांबले.

"वहिनी," ती म्हणाली, जीभ जड होती, "हात तरी धुतले होते का?"

मागच्या मुली हसल्या, त्यातली एक रडायला लागली. मी दोन्ही केलं नाही. मी टपरीवरून चहा मागवला, उरलेली साखर त्यात घालून तिला पाजली आणि ड्रायव्हरला म्हणाले, जाम सुटला की आधी दवाखान्यात.

डॉक्टर तरुण होता. आणखी अर्धा तास गेला असता तर, एवढंच म्हणाला आणि वाक्य सोडून दिलं. गोळी बदलली. रिकाम्या पोटी राहायचं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं, एकदा तिला आणि एकदा मला. मला सांगितलेलं जास्त जोरात होतं.

पाळकबाईंनी साखळी थांबवली. भेटायला आल्या, पलंगाशी बसून रडल्या. नणंदेने त्यांना रडू दिलं, मग म्हणाली, "बाई, तुम्ही माझं फळ सगळ्यांना दाखवलंत. झाड वाळलंय ते नाही पाहिलंत." पाळकबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, नणंद आली जाग्यावर. मला बरं वाटलं हे कबूल करते.

ईस्टरला मुलगी आली. दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी आईने एक टोमणा मारलाच आणि मुलीने ताट सरकवलं. पण ती उठली नाही. नणंदही अर्ध्यावर थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चुकलं." भरल्या पोटी म्हणाली, हे महत्त्वाचं. ते म्हणताना तिच्या कपाळावरची शीर उठली होती. ते तिला उपासापेक्षा जड गेलं असावं.

तेव्हापासून आम्ही एक ठरवलं आहे. ती दुपारी माझ्यासमोर जेवते. हेच तिचं व्रत, मी म्हणाले. तीही मान्य करते आणि माझ्या भाजीला नावं ठेवते. मी ते टोमणे ऐकते, जसे लाइनवर मशीनचे आवाज ऐकते. आवाज ठीक, तर मशीन ठीक.

बाटली कुठे गेली ते मला ठाऊक नाही. पाळकबाई म्हणतात, परत आली नाही. नणंद म्हणते, दिली.

यंदाचा लेंट सुरू झाला आहे. साखळी नाही. परवा सकाळी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि तळवड्याच्या पुढे मला खोबरेलाचा वास आला.

"तेल लावलंस?"

"केस कोरडे झालेत. आता तेल लावायलाही तुमची परवानगी घेऊ का?"

टोमणा बरोबर होता. धार होती, वेळ बरोबर होती. पूर्वी मी तेवढ्यावर निश्चिंत झाले असते. पण मी काय तपासते ते इतक्या महिन्यांत तिला नेमकं ठाऊक झालं आहे, म्हणजे टोमणा ती ठरवूनही मारू शकते, आणि तिची शिकण्याची ताकद मी बसमध्ये माझ्या बोटावर पाहिली आहे.

मी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि तिच्यापुढे धरला.

"आत्ता? सकाळी सकाळी?" ती म्हणाली.

"आत्ता."

तिने तुकडा घेतला. बोटांत धरून खिडकीबाहेर पाहत राहिली. ट्रेलरांची रांग होती, बस हळूहळू सरकत होती. मी डब्याचं झाकण लावलं नाही आणि तिच्या हातावरून नजर काढली नाही.